परीक्षेची धास्ती: एका व्याख्यानात की सगळ्या विषयांत?

प्रश्न (गणित शिक्षिका, कोल्हापूर):
नमस्कार. मी नववीला गणित शिकवते. घटक चाचणीच्या दिवशी दोन-तीन मुली पोट दुखते म्हणून घरी जाण्याची परवानगी मागतात. मागच्या चाचणीत एकीने कोरी उत्तरपत्रिका दिली. तळहाताच्या घामाने कागदाचा कोपरा मात्र ओला झाला होता. यावर वर्षातून एक तज्ज्ञ व्याख्यान ठेवावे, असे शाळेत ठरते आहे. माझ्या मते चिंता म्हणजे काय, हे मुलांना निरनिराळ्या तासांना थोडे थोडे कळायला हवे. पण अभ्यासक्रम मागे न पडता ते कसे साधावे?

उत्तर 1 (विज्ञान शिक्षक):
मॅडम, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी शिकवताना मी मुलांना एकमेकांची नाडी मोजायला लावतो. एकदा नाडी वाढलेली दाखवावी म्हणून ‘आत्ता अचानक चाचणी’ अशी खोटी घोषणा केली आणि एक मुलगा रडू लागला. ती माझीच चूक होती. आता मैदानाला एक फेरी मारून येण्यास सांगतो. धावताना या ग्रंथींतून सुटणाऱ्या ॲड्रेनॅलिन या संप्रेरकामुळे जशी धडधड वाढते, तशीच ती बाकावर बसल्या जागी भीतीनेही वाढते, आणि ती हृदय बिघडल्याची खूण नसते, हे कळल्यावर मुलांचे चेहरे सैल होतात. नाडीचे आकडे आपण घ्या. मध्य आणि मध्यक त्यांवरच शिकवता येतील.

उत्तर 2 (भूगोल शिक्षिका, नदीकाठच्या भागातील शाळा):
आमच्याकडे जुलैत पाऊस लागून राहिला की मुलांचे लक्ष फळ्यापेक्षा खिडकीबाहेर जास्त असते, कारण 2019 आणि 2021 चे महापूर घरोघरी अजून बोलले जातात. म्हणून पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी मुले रोज वहीत नोंदवतात: इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. इशारा म्हणजे सामान माळ्यावर चढवण्याची वेळ, बुडण्याची नव्हे, हा फरक त्यांना चटकन समजतो. मग स्वतःच्या मनाची पातळी लिहायला सांगितली, तेव्हा एकाने लिहिले, ‘वाचायला उभे केले की एकदम 43.’ ही पाने वर्गात वाचून दाखवू नयेत आणि त्यांवर लाल पेनही चालवू नये. धाकधूक, घालमेल, हुरहूर, धास्ती या शब्दांमधला फरक मराठीच्या तासाला उलगडला, तर मुलांना लिहिणे आणखी सोपे जाईल.

उत्तर 3 (समुपदेशक):
दोन्ही उपक्रम आवडले. एक गोष्ट मात्र सांभाळावी: चाचणीच्या दिवशी दर वेळी घरी पाठवल्याने त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते, पण पुढच्या चाचणीची भीती वाढते. पाच मिनिटे बाहेर बसू द्यावे, पाणी द्यावे, श्वास सावकाश सोडायला सांगावे आणि निदान पहिले उदाहरण तरी सोडवून घ्यावे. पोटदुखी खोटी नसते, तेव्हा ‘नाटक करतेस’ हा शब्द कुणाच्याही तोंडी येऊ नये. ती वारंवार होत असल्यास डॉक्टरांनाही दाखवावे. झोप, जेवण किंवा शाळेत येणे कित्येक आठवडे बिघडलेले असेल, तर पालकांना विश्वासात घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे, आजाराचे निदान शिक्षकांनी करू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास सुरू असतो. तो विद्यार्थ्यांच्या दैनंदिनीत लिहून ठेवावा.

प्रश्नकर्त्या:
आभारी आहे. मध्यकाचा पाठ पुढच्याच आठवड्यात आहे. नाडीचे आकडे सरांच्या पद्धतीने, मैदानावरच घेईन.