शब्दचर्चा : ‘ट्रान्झॅक्शन’ला ‘व्यवहार’ म्हणावे काय?

विचारणा
नाशिकमधील कांदा-व्यापाऱ्यांच्या हिशेबासाठी आम्ही सर्व्हरवरील जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे नोडमध्ये, एक छोटी प्रणाली लिहीत आहोत आणि तिची माहितीपुस्तिका मराठीत हवी आहे. लिलावात माल घेतला की एका तक्त्यात साठा वाढतो आणि दुसऱ्यात शेतकऱ्याचे देणे चढते. ही दोन्ही कामे झाली पाहिजेत, नाहीतर एकही होता कामा नये. डेटाबेसच्या या ‘ट्रान्झॅक्शन’ला ‘व्यवहार’ म्हणावे काय? ‘कमिट’ (बदल पक्के करणे) आणि ‘रोलबॅक’ (बदल मागे घेणे) यांना कोणते शब्द योजावेत?

पहिले उत्तर
‘व्यवहार’ रूढ आहे, तोच ठेवावा. ‘कायम करणे’ आणि ‘रद्द करणे’ एवढ्याने भागेल.

दुसरे उत्तर
‘व्यवहार’ मलाही मान्य आहे, कारण या शब्दाने आजवर बरेच अर्थ पेलले आहेत: याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तो राजदरबारी चालणारा वाद आहे, तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त श्रेढीव्यवहार, क्षेत्रव्यवहार अशा नावांत तो गणिताची रीत आहे. अडचण आजच्या अर्थाची आहे. आपल्या बोलण्यातला व्यवहार अर्धवट राहू शकतो. इसार दिला आणि व्यवहार अडकला, असे आपण सहज म्हणतो. लासलगावला बोली थांबली तरी माल खळ्यावर खाली होऊन, वजन होऊन हिशेबपट्टी हाती पडेपर्यंत भावावरून पुन्हा वाद निघू शकतो. डेटाबेसच्या व्यवहाराला मात्र अर्धवट राहण्याची मुभाच नाही. थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये ज्या चार गुणांना ‘ॲसिड’ हे आद्याक्षरी नाव दिले, त्यांतला पहिला गुण ही अविभाज्यताच आहे, आणि पुस्तिकेत तो व्याख्येतच सांगावा लागेल.

‘रद्द’ मात्र मला पटत नाही. जमाखर्चात चुकलेली रक्कम रद्द करायची तर आपण उलट नोंद करतो आणि दोन्ही नोंदी वहीत राहतात. रोलबॅकनंतर तक्त्यात त्या नोंदीचा मागमूसही उरत नाही. म्हणून ‘पूर्ववत करणे’ म्हणावे. (हा शब्दही थोडा आशावादी आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आपोआप वाढणारा अनुक्रमांक एकदा दिला गेला की रोलबॅकनेही परत येत नाही, त्यामुळे पावतीला तोच क्रमांक वापरल्यास मध्ये खंड दिसतात आणि हिशेबनीस हैराण होतो.)

विचारणा करणारे
‘पूर्ववत’ स्वीकारतो. आणखी एका नावाचा प्रश्न आहे. पूर्वी आम्ही ‘बिगिन’, ‘कमिट’, ‘रोलबॅक’ प्रत्येक ठिकाणी हाताने लिहीत होतो. एका ठिकाणी तर प्रत्येक आज्ञा थेट पूलकडे, म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या संचाकडे, दिली होती, आणि पूल जी जोडणी मोकळी असेल तिच्यावर आज्ञा पाठवत असल्यामुळे ‘बिगिन’ एका जोडणीवर, नोंद दुसऱ्या जोडणीवर आणि व्यवहार केवळ नावाला, अशी स्थिती होती. आता हे सारे एका फंक्शनमध्ये आणले आहे: ते एकच जोडणी घेते, व्यवहार सुरू करते, आपण दिलेले काम त्याच जोडणीवर करवून घेते, काम पार पडले तर कायम करते, चूक झाली तर पूर्ववत करून ती चूक पुढे कळवते आणि दोन्ही परिस्थितींत जोडणी पूलला परत देते. याचे नाव काय ठेवावे?

दुसरे उत्तर
‘व्यवहारात’ ठेवा. जावास्क्रिप्टला देवनागरी नावे चालतात, आणि ‘हे काम व्यवहाराच्या आत करा’ हे सांगायला सप्तमीचा एक प्रत्यय पुरतो. कार्यालयातील इतरांना देवनागरी टंकणे जड जाणार असेल तर हे नाव निदान पुस्तिकेत तरी वापरावे.

विचारणा करणारे
प्रत्ययाची युक्ती आवडली. शेतकऱ्याला रक्कम कळवणारा मोबाइल संदेश आजवर आम्ही याच फंक्शनच्या आत पाठवत होतो, आणि एकदा गेलेला संदेश पूर्ववत होत नाही. तो आता बाहेर काढून कायम केल्यावरच पाठवू, आणि त्या फंक्शनचे नाव ‘व्यवहारानंतर’ ठेवू.