प्रतिसाद: विज्ञानाला प्रश्न विचारणारी कला

लिंगभावावर (जेंडरवर) बोलणारी आणि विज्ञानाला प्रश्न विचारणारी कला विज्ञानविरोधी असते, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला पटत नाही. अमेरिकी लष्कराची गुप्त कागदपत्रे उघड करणाऱ्या पारलिंगी (ट्रान्स) स्त्री चेल्सी मॅनिंग तुरुंगात असताना त्यांनी टपालाने पाठवलेले केस आणि गालाच्या आतून घेतलेले नमुने यांतून अमेरिकी कलाकार हेदर ड्युई-हॅगबोर्ग यांनी डीएनए मिळवला, आणि २०१७ मध्ये त्या एकाच डीएनएवरून संगणकाने घडवलेले ३० वेगवेगळे चेहरे प्रदर्शनात टांगले. त्यांत काही पुरुषी होते, काही बायकी, वर्णही निरनिराळे. प्रयोगशाळेची रीत पाळूनच त्यांनी दाखवले की डीएनएमधून माणूस वाचताना वाचणाऱ्याची गृहीतकेही त्यात मिसळतात.

शरीर वाचणाऱ्याच्या गृहीतकांचा हा प्रश्न आमच्या बीडला परका नाही. ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात, २०१९ मध्ये, ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. माझ्या चुलतीची फाइल पत्र्याच्या पेटीत आहे. सोनोग्राफीची फिल्म कडांना वळली आहे आणि अहवाल इंग्रजीत आहे, जो तिला कधीच कोणी वाचून दाखवला नाही. "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल," एवढेच तिला सांगितले गेले. पाळीच्या दुखण्याने खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, ही बाब त्या अहवालात कुठेच नाही, आणि माझ्या मते खरे निदान तिथेच सुरू व्हायला हवे होते.

चुलतीची संमती असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या कलादालनात ती फिल्म उजेडासमोर लावावी आणि शेजारी तिच्या तोंडून तिच्या दुखण्याची हकिकत ऐकवावी, असे मला फार वाटते.