तुमच्या वाचनालयात नवे काय? : किनारपट्टीवरील वाचकांचे अनुभव

रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 सालचे आहे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर 1852 सालचे, आणि चिपळूणचे जे वाचनालय आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या नावाने ओळखले जाते, ते 1864 सालचे. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली 1998 साली. म्हणजे रत्नागिरीत गाडीच्या जवळजवळ 170 वर्षे आधी वाचनालय येऊन पोहोचले होते. या जुनेपणाविषयी आपण पुष्कळ बोलतो आणि बोलावेही. परंतु तालुक्याच्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर चार वर्षे काढल्यानंतर मला असे जाणवू लागले आहे की, वर्धापनदिनी स्थापनेचे साल जितक्या अभिमानाने सांगितले जाते, तितक्या तपशिलाने गेल्या पाच-सात वर्षांत तेथे काय बदलले हे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा काढत आहे. तुमच्या वाचनालयात अलीकडे काय सुरू झाले, त्याचा उपयोग कोणाला झाला, आणि काय फसले, हे स्वतःच्या अनुभवातून लिहावे. तक्रार असल्यास संस्थेचे नाव घेऊ नये, एवढीच विनंती.

चिपळूण परिसरातून

आमच्याकडे नव्याची सुरुवात 22 जुलै 2021 च्या पुरापासून झाली. 2005 च्या जुलैमध्येही वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले होते, त्यामुळे खालच्या दोन फळ्या रिकाम्या ठेवण्याची शिस्त अनेक ठिकाणी होती. परंतु या वेळी पाणी त्या हिशेबात बसणारे नव्हतेच. पाणी ओसरल्यावर मी ज्या लहान वाचनालयात मदतीला गेलो, तेथे पुस्तके फुगून कपाटांत इतकी घट्ट बसली होती की ती काढण्यासाठी कपाटाची बाजू उचकटावी लागली. आम्ही उत्साहाच्या भरात काही पुस्तके उन्हात उघडून ठेवली आणि तीच सर्वांत जास्त बिघडली. गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटून जणू वीट तयार झाली. पुढे एका जाणकारांनी समजावले की ओले पुस्तक बळेच उघडू नये, पानांमध्ये टीपकागद घालून सावलीत, वाऱ्यावर सुकवावे, आणि पुस्तके फार असतील तर ती गोठवून ठेवावीत, कारण दमट हवेत 48 तासांच्या आत बुरशी धरू लागते आणि गोठवलेल्या अवस्थेत ती थांबते. मासळीची शीतगृहे ज्या किनाऱ्यावर आहेत, तेथे हे कोणाला सुचू नये याचे मला आजही आश्चर्य वाटते. अर्थात त्या दिवसांत वीजच नव्हती, तेव्हा सुचूनही उपयोग झाला नसता.

सर्वांत मोठा धक्का पुस्तकांचा नव्हता. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली दाखल नोंदवहीही खालच्याच कपाटात होती आणि तिची शाई वाहून गेली होती, त्यामुळे काय गेले हेच सांगता येईना. वाचकांच्या घरी गेलेल्या पुस्तकांची यादी आम्हांला वाचकांना विचारून तयार करावी लागली. आता त्या वाचनालयात नोंदवहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून तीन वेगवेगळ्या घरी ठेवले जाते, आणि जून लागण्यापूर्वी दुर्मीळ पुस्तके माडीवर हलवण्याचा एक रविवार ठरलेला आहे. गेल्या वर्षी त्या रविवारी आलेल्यांपैकी निम्मे लोक वाचनालयाचे सभासद नव्हते. ते पुराच्या वेळी गाळ काढायला आलेले शेजारी होते.

रत्नागिरीजवळच्या एका गावातून

माझा अनुभव अभ्यासिकेचा आहे. तलाठी भरतीची तयारी करताना पुण्याला खोली घेऊन राहणे घरच्यांना परवडणारे नव्हते. गावच्या वाचनालयाने मागच्या पडवीत पत्रा घालून वीस मुलांची बसण्याची सोय केली आणि ती सकाळी सहा ते रात्री दहा उघडी ठेवली. मासिक शुल्क माझ्या एका वेळच्या एसटी प्रवासाइतके होते. पावसाळ्यात पत्र्यावरील आवाजाने डोके उठे, हे खरे. पण मुलींना रात्री नऊनंतर घरी सोडण्यासाठी समितीतील एक काका रोज स्वतः येत, हे मला त्या पत्र्यापेक्षा जास्त लक्षात राहिले आहे. एक गोष्ट मात्र खटकते. अभ्यासिकेत येणाऱ्यांपैकी कथा-कादंबऱ्यांच्या कपाटाकडे फारसे कोणी वळत नाही, आणि जुने वाचक आमच्याकडे पाहून वाचनालयाची शिकवणी झाली असे म्हणतात. परीक्षा झाल्यावर मी सभासदत्व कायम ठेवले आणि पहिल्यांदा प्रवासवर्णन घरी नेले, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी पुस्तकाचा दाखल अंक, म्हणजे नोंदवहीतील क्रमांक, लिहिता लिहिता नुसते माझ्याकडे पाहिले.

खारेपाटणहून

आमच्या इकडच्या एका वाचनालयात संगणक आला, त्याचे स्वागत मीही केले होते. जुन्या सूचीतील नावे पूर्वी निराळ्या मराठी फाँटमध्ये टंकलेली होती. ती युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचा असा काही गोंधळ झाला की लेखकाच्या नावाने शोधल्यास पडद्यावर भलत्याच खुणा उमटतात. त्यातच कोणी आडनाव आधी लिहिले, कोणी आद्याक्षरे, त्यामुळे एकच लेखक तीन ठिकाणी विखुरला आहे. कार्डांची जुनी लाकडी पेटी तेवढ्यात रद्दीत गेली. यंत्राला माझा विरोध नाही, पण नवी सूची तपासून होईपर्यंत जुनी फेकू नये, एवढे तरी पाळायला हवे होते.

वेंगुर्ले तालुक्यातून

आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांचे वाचनालयात जाणे बंद झाले, तेव्हा ‘आता पोथी पुरे’ असे त्या म्हणू लागल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाने घरपोच पुस्तकांची पिशवी सुरू केली. दर पंधरवड्याला कॉलेजमधील एक मुलगी पाच पुस्तके आणते, त्यांतील दोन ठेवून घ्यायची आणि आधीची परत द्यायची, अशी पद्धत आहे. आरंभी निवड तिचीच असे आणि ती बहुधा चुकत असे. सासूबाईंना तिने तीनदा बोधकथा आणल्या. शेवटी त्यांनीच तिला बसवून सांगितले, ‘गो, माका म्हातारी समजा नको, माका रहस्यकथा हाड (आण).’ त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. आता ती मुलगी पिशवी देऊन लगेच जात नाही, मागच्या पुस्तकाचा शेवट तिला ऐकायचा असतो. मोठ्या टाइपातील पुस्तके आणखी हवीत, अशी आमची मागणी आहे. बारीक अक्षरांपायी चांगली पुस्तके परत जातात.

एक ग्रंथपाल, सिंधुदुर्ग

वरील सर्व वाचून आनंद झाला, परंतु हे सर्व कोणत्या खर्चात चालते तेही येथे नोंदवावेसे वाटते. आपल्या राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा आहे. त्यानुसार वाचनालयांना अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान येते. 2022 साली शासनाने अनुदानात 60 टक्के वाढ मंजूर केली, ती मोलाची होतीच. मात्र ड वर्गातील वाचनालयात काम करणाऱ्या माणसाचे घर त्यानंतरही त्या मानधनावर चालत नाही. मी स्वतः सकाळी शिकवण्या घेतो. तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यात, मद्यावर ग्रंथालय उपकर (सेस) आहे, आपल्याकडे असा कोणताच उपकर नाही. आमचे वाचक यावर हमखास विनोद करतात, मी तो सवयीने ऐकून घेतो. सांगायचे एवढेच की, नवा उपक्रम सुचवणाऱ्याने तो कोण करणार, हेही सुचवावे. वेंगुर्ल्याच्या ताईंनी सांगितलेली पिशवी चालते, कारण तेथे पिशवी उचलणारी मुलगी आहे.

कुडाळहून

मला दशावताराविषयी लिहायचे आहे. आमच्या वाचनालयात या विषयावरची पुस्तके एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच आहेत, आणि त्याचे कारण उघड आहे. या नाट्याला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, प्रवेश ठरतात, आणि संवाद नट जागच्या जागी रचतो. त्यामुळे जुना नट गेला की त्याच्याबरोबर एक आख्खे कपाट जाते. गेल्या वर्षी पावसाळ्यात, जत्रांचा हंगाम नसतो तेव्हा, वाचनालयाने तीन वयस्क कलावंतांना बोलावून त्यांच्याकडून एकच प्रसंग वेगवेगळा बोलवून घेतला आणि ध्वनिमुद्रित केला. पहिल्या दिवशी एकाही गृहस्थाच्या तोंडून धड वाक्य येईना. समोर टेबल, टेबलावर यंत्र, मागे कपाटे. ‘हय गणपतीच नाय, सुरुवात कशी करुची?’ असे त्यांतील एकाने विचारले. मग कोणीतरी हार्मोनियम आणले, संदर्भ विभागातील बाकडी बाजूला सरकवली, आणि पूर्वरंगापासून, म्हणजे गणपतीच्या आरंभीच्या प्रवेशापासून, सगळे रीतसर सुरू झाले. दीड तासाचे मुद्रण साडेचार तासांवर गेले. खिडकीबाहेर पावसात छत्र्या धरून माणसे उभी होती, त्यांना आत घ्यायला जागा नव्हती.

या मुद्रणांची नोंद कशी करायची यावर समितीत अजून वाद आहे. पुस्तक नाही, म्हणून दाखल अंक देता येणार नाही, असे एक मत आहे. माझे मत असे की, अंक द्यावा आणि लेखकाच्या रकान्यात नटाचे नाव लिहावे. पुढच्या बैठकीत हा विषय तिसऱ्यांदा येणार आहे. चिपळूणच्या दादांना एक विनंती: ही मुद्रणे आम्ही सध्या एकाच संगणकात ठेवली आहेत, आणि तो तळमजल्यावर आहे. तुमची तीन घरांची पद्धत नेमकी कशी चालते, प्रती कोण ठेवतो आणि वर्षातून किती वेळा तपासतो, हे सविस्तर लिहाल का? जून तोंडावर आला आहे.