एप्रिलच्या शिबिराआधी पोहण्याचा तलाव पुन्हा सुरू करायचा आहे, काय काय बघू?

किनाऱ्यावरची_ताई
9 फेब्रुवारी 2022

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमचा छोटा पोहण्याचा क्लब आहे. एका शिक्षणसंस्थेच्या आवारातला उघडा तलाव आम्ही चालवायला घेतलाय. 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद, उथळ बाजूला 1 मीटर आणि खोल बाजूला 1.8 मीटर पाणी. मार्च 2020 ला करोनामुळे बंद झाला. त्या वर्षी 15 ऑक्टोबरपासून केंद्राने खेळाडूंच्या सरावाला परवानगी दिली, पण आमच्याकडे स्पर्धेला जाणारी मुलं थोडी, बाकी सगळी शिकणारी. त्यामुळे त्या परवानगीचा आम्हाला काही उपयोग झाला नाही. मध्यंतरी कसाबसा सुरू केला, तर 10 जानेवारी 2022 ला पुन्हा कुलूप. आता निम्म्या क्षमतेने चालवायला राज्याने मुभा दिली आहे आणि पालकांचे फोन सुरू झालेत.

माझ्या अडचणी सांगते. निम्मी क्षमता म्हणजे किती? आमच्या तलावाची पूर्ण क्षमताच कुठल्या कागदावर नाही. दुसरं म्हणजे पाणी हिरवट झालंय, तळ दिसत नाही. विहीर मार्चअखेर खाली जाते, पुढे टँकर, म्हणजे रिकामा करून पुन्हा भरणं जमणारच नाही. तिसरं, 15 ते 18 वयाच्या मुलांना करोनाची लस जानेवारीत सुरू झाली, पण माझी बहुतेक मुलं आठ ते बारा वर्षांची आहेत, त्यांना लसच नाही.

आणि सगळ्यात जास्त सलतंय ते हे. आमचा जीवरक्षक मुलगा विचारतो, "मॅडम, कोणी बुडालं तर तोंडाने श्वास द्यायचा की नाही?" मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षं मुलं पाण्यात उतरलेली नाहीत, जेवढं शिकली होती तेवढंही विसरली असतील. मे महिन्यात हीच मुलं मामाच्या गावी नदीच्या कोंडीत उड्या मारणार. म्हणून बंद ठेवायचा नाही, पण नीट चालवायचाय.

---

फिल्टरवाला_काका
9 फेब्रुवारी 2022

ताई, नोकरीचा बराच काळ तलावाच्या फिल्टर रूममध्ये गेला आहे, म्हणून पाण्यापासून सुरुवात करतो.

रिकामा करू नका, हा तुमचा निर्णय बरोबर आहे. (आणि पावसाळ्यात तर कधीच नको. आपल्याकडे जमिनीतलं पाणी इतकं वर येतं की रिकाम्या तलावाचा तळ खालून उचलला जाऊन तडकतो.) तुमच्या तलावात सरासरी 1.4 मीटर खोली धरली तर साडेतीन लाख लिटर पाणी आहे. त्यात क्लोरीन 1 पीपीएमने (दहा लाख भागांत एक भाग) वाढवायला 350 ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. ताज्या टीसीएल पावडरमध्ये (म्हणजे ब्लीचिंग पावडर) साधारण 33 टक्के असतं, म्हणजे एक किलोच्या थोडं वर. पण ती पावडर ताजी आहे का हे आधी बघा. आपल्या दमट हवेत उघडी गोणी काही आठवड्यांत उतरते. 20 टक्क्यांवर आली असेल तर त्याच कामाला पावणेदोन किलो लागेल, आणि तुम्ही वहीत मात्र "एक किलो टाकली" असंच लिहीत राहाल.

हिरवं पाणी साफ करायला एकदाच 10 पीपीएमचा जोरदार डोस द्या, ताज्या पावडरीचा साधारण अकरा किलो. थेट ओतायची नाही. बादल्यांत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच तलावात सोडा. हे संध्याकाळी करा, उन्हात क्लोरीन उडून जातं. रात्रभर पंप चालू ठेवा. शेवाळ मेलं की पाणी पांढुरकं होईल, मग तुरटी, मग पंप बंद ठेवून गाळ बसू द्यायचा, तो सक्शनने बाहेर काढायचा आणि फिल्टरची वाळू पाणी उलट्या दिशेने सोडून धुवायची. खोल बाजूचा तळ काठावरून स्वच्छ दिसेपर्यंत एकही मूल पाण्यात नको. साथ असो नसो, तळ दिसत नसेल तर बुडालेलं मूलही दिसत नाही.

आता मोजणी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीच्या पाण्याला ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकून पिवळा रंग बघतो, तेच किट बहुतेक तलावांवर वापरतात. विहिरीला चालतं, तलावाला अपुरं आहे. ओटी एकूण क्लोरीन दाखवतं. तलावात घाम आणि लघवी मिसळते, त्याला चिकटलेलं क्लोरीन त्यात मोजलं जातं, आणि ते जंतूंवर जवळजवळ निकामी असतं. डोळे झोंबवणारा, नाकात जाणारा वास येतो तो याच चिकटलेल्या क्लोरीनचा. वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. खरं तर कामाचं क्लोरीन तेव्हा कमी पडलेलं असतं. डीपीडीच्या गोळ्यांचं किट घ्या. पहिल्या गोळीने गुलाबी रंग येतो, तो मोकळ्या, म्हणजे कशाला न चिकटलेल्या क्लोरीनचा. तो आकडा दीड ते तीनमध्ये पाहिजे.

आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप. 7.2 ला मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण दोन तृतीयांश जंतू मारणाऱ्या रूपात असतं, 8 ला जेमतेम पाव. टीसीएल पीएच वर नेते. किटमध्ये क्लोरीन 2 दिसतंय म्हणून निर्धास्त राहायचं आणि पीएच 8.2 असायचा, असे तलाव मी पुष्कळ पाहिलेत. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं, त्यामुळे पीएच चटकन वरखाली होतो. तो धरून ठेवायला खाण्याचा सोडा लागतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये 2021 ला करोनाचा विषाणू तलावाच्या पाण्यात तपासला. 1.5 पीपीएम मोकळं क्लोरीन आणि पीएच 7 ते 7.2 असताना तीस सेकंदांत त्याची लागण करण्याची ताकद हजारपटीहून जास्त उतरली. म्हणजे पाणी नीट ठेवलंत तर पाण्यातून भीती नाही.

उघड्या तलावावर सकाळी टाकलेलं दुपारी शिल्लक नसतं. वर्षभर टीसीसीएच्या (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनच्या) गोळ्या वापरणाऱ्यांच्या पाण्यात उन्हापासून राखणारं द्रव्य साठत जातं, पण आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस ते दरवर्षी धुऊन नेतो. म्हणून प्रत्येक बॅचआधी मोजा. एक विनंती, अगदी मनापासून: टीसीएल आणि टीसीसीए एका डब्यात, एका मापाने, एका बादलीत कधीही नको. पेट घेतं. अ‍ॅसिडही दोन्हींपासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवा.

माणसं किती घ्यायची? क्षेत्रफळाला भागून काढलेल्या आकड्याने फसाल. पोहताना मुलं आपोआप लांब असतात. धोका भिंतीवर आहे, जिथे ती येऊन धापा टाकतात. तुमच्या 10 मीटर भिंतीवर दोन-दोन मीटर सोडलं तर पाच डोकी बसतात. उथळ भागाच्या दोन्ही बाजूंच्या कडा धरा, तिथे आणखी पाच. शिकणाऱ्यांची बॅच दहाची, त्यापुढे नाही. पोहता येणाऱ्यांच्या चार लेन करा, लेनमध्ये चौघे, पण एका टोकाला एका वेळी एकच थांबेल, बाकीचे पोहत राहतील. हे सोळा झाले. सरकारी निम्म्याचा आकडा यापेक्षा मोठा आला तरी आपला हाच ठेवा, कमी आला तर तो पाळा.

---

खाडीपलीकडची_सिस्टर
10 फेब्रुवारी 2022

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, माझी मुलगीही पोहायला जायची. जीवरक्षकाच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो प्रश्न त्याने विचारला हे फार बरं झालं.

त्याला सांगा: श्वास द्यायचाच. रस्त्यात कोणी छाती धरून कोसळलं तर नुसतं छातीवर दाबून काही वेळ निभावतं, कारण त्याच्या रक्तात अजून ऑक्सिजन असतो. बुडालेल्याचं हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्यामुळेच. नुसतं दाबत बसलात तर ऑक्सिजन नसलेलं रक्त फिरवत राहाल. म्हणून आधी श्वास, मग छातीवर दाब.

तोंडाला तोंड लावायची वेळ येऊ नये म्हणून काठावर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) ठेवा, मोठ्यांचा आणि मुलांचा असे दोन मास्क, आणि बॅग व मास्क यांच्यामध्ये बसणारा विषाणूरोधक फिल्टर. तो छोटा आणि एकदाच वापरायचा असतो, दोन-तीन जवळ असू द्या. एकाने दोन्ही हातांनी मास्क चेहऱ्यावर घट्ट धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची आणि छातीवर दाबही द्यायचा. एकट्या माणसाकडून मास्क घट्ट बसत नाही, बाजूने हवा गळते, आणि तीच हवा त्याच्या तोंडावर येते. म्हणून जीवरक्षक एकटा नको. प्रशिक्षक, शिपाई, जो कोणी हजर असतो त्याला शिकवा आणि बाहुलीवर सराव करून घ्या. बॅग फाटली, सापडली नाही, तर? तर जो तयार असेल त्याने तोंडाने द्यावा. मुलाचे आईवडील तिथे असतील तर ते एरवीही त्याच्याच घरात, त्याच हवेत राहतात.

108 ला फोन करायचं काम आधीच एकाला नेमून द्या. आणि उलटं धरून फिरवणं, पोटावर दाबून पाणी काढणं पूर्ण बंद. त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न फुप्फुसात जातं.

लस नसलेल्या मुलांचं म्हणाल तर घरी कोणाला ताप-खोकला असेल तर मूलही घरीच ठेवायचं, आणि त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत. पैसे कापले जाणार असले की पालक आजार लपवतात. ज्याला नुकताच करोना होऊन गेलाय त्याला लगेच लांब पोहायला लावू नका. सुरुवात थोडकी हवी. छातीत दुखलं, धडधडलं, नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर बाहेर काढून डॉक्टरकडे पाठवा. भर पोहण्यात चक्कर येणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

---

दर्यावर्दी_मालवण
10 फेब्रुवारी 2022

ताईनू, येक सांगतंय, राग मानू नकात. पालक सध्या म्हणतत, तलाव कशाक, समुद्र उघडो आसा, थंय करोना नाय.

बाकीच्यांना समजावं म्हणून पुढचं सरळ लिहितो. आमच्या चिवला बीचवर दरवर्षी समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, मी स्वतः समुद्रात पोहणारा माणूस. तरीही सांगतो, शिकणारं मूल समुद्रात नेऊ नका. मोकळी हवा चांगलीच, पण उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पुनवेच्या आसपास, ओहोटीला पाणी ओढतं तेव्हा चांगला पोहणाराही किनारा गाठू शकत नाही. गणपतीपुळ्याला अधूनमधून कोणीतरी बुडतं ते अशाच ओढीने. ज्यांना तलावात सलग चारशे मीटर न थांबता येतं त्यांनीच, भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा), शांत पाण्यात, होडी सोबत ठेवून उतरावं.

बाकी तलावावर शिट्टी बंद करा. प्रशिक्षक शिट्टी फुंकतो, ओरडतो, ती सगळी फुंकर समोरच्या मुलांवर. आम्ही काठावर पितळी घंटा टांगली आणि सराव फळ्यावर लिहितो.

---

किनाऱ्यावरची_ताई
11 फेब्रुवारी 2022

तिघांचेही मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद जीवरक्षकाला वाचून दाखवला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. अंबू बॅग आणि फिल्टर आजच मागवले.

काका, दोन शंका. कपडे बदलायच्या खोल्या बंद करायच्या म्हणतात. मग पोहण्याआधीची अंघोळ? ती नसेल तर पाणी आणखी घाण होणार. आणि पालक काठावर बाकांवर गर्दी करतात, त्यांना कसं सांगायचं?

---

फिल्टरवाला_काका
11 फेब्रुवारी 2022

खोली बंद, शॉवर चालू. काठावरचे उघडे शॉवर तसेच ठेवा, नसतील तर जांभ्याच्या कट्ट्यावर दोन नळ उंच काढून घ्या, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. मुलांनी घरूनच पोहण्याचे कपडे आत घालून यावं, उघड्यावर साबण लावून अंघोळ करून मग पाण्यात. जितका घाम बाहेर धुतला जाईल तितकं मोकळं क्लोरीन विषाणूसाठी शिल्लक राहतं. जाताना टॉवेल गुंडाळून सरळ घरी. फेब्रुवारी ते मे आपल्याकडे कोणी गारठत नाही. मुलींसाठी मात्र एक खोली उघडी ठेवा, खिडक्या सताड, एका वेळी दोघीच. ती सोय नाही म्हणून मुली शिबिराला येणंच थांबवतात, ते व्हायला नको.

मास्क पाण्यात कोणालाच नको, ओला झाला की श्वास अडतो. काठावर मात्र प्रशिक्षकाच्या तोंडावर हवाच. प्रत्येकाची फळी आणि चष्मा स्वतःचा. दोन बॅचमध्ये वीस मिनिटं मोकळी सोडा, एक बॅच बाहेर पडल्याशिवाय दुसरी फाटकाच्या आत नाही. त्याच वीस मिनिटांत डीपीडी आणि पीएच मोजून होतं.

पालकांना नाही म्हणू नका, काम द्या. प्रत्येक बॅचला दोन पालक, त्यांनी फक्त पाण्याकडे बघत बसायचं, मोबाईल खिशात, आणि मुलं मोजत राहायची. बाकीचे फाटकाबाहेर आंब्याखाली. आणि क्लोरीन-पीएचची वही फाटकावरच टांगा, वेळ आणि आकडा लिहून. ज्या दिवशी आकडा बसत नाही त्या दिवशी बॅच रद्द, मग कोणी कितीही लांबून आलेलं असो.

पाणी निवळलं की पहिला आकडा इथे टाका. पीएच 7.6 च्या वर असेल तर अ‍ॅसिड किती टाकायचं ते आपण हिशोब करून ठरवू, अंदाजाने ओतू नका. आणि टाकताना अ‍ॅसिड पाण्यात टाकायचं, पाणी अ‍ॅसिडात कधीच नाही.