एका पुलाचे दोन क्रमांक

कॉर्निश-विंडसर हा एकच छतपूल (छप्पर घातलेला लाकडी पूल) अमेरिकेतील छतपुलांच्या सूचीत दोनदा कसा येतो, हा प्रश्न रास्त आहे. या सूचीतील क्रमांकात आधी राज्याचा, मग काउंटीचा (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाचा) आणि शेवटी पुलाचा आकडा असतो. १८६६ साली कनेक्टिकट नदीवर बांधलेला हा पूल न्यू हॅम्पशायर आणि व्हर्मॉन्ट यांना जोडत असल्याने त्याला २९ आणि ४५ असे दोन्ही राज्यांचे आकडे मिळाले आहेत. (राज्यसीमा व्हर्मॉन्टच्या काठाने जात असल्यामुळे पुलाचा बहुतेक भाग न्यू हॅम्पशायरमध्येच मोडतो.) मोजदाद करताना अशी जोडनोंद एकदाच धरावी.

अशा पुलांवरचे छत वाटसरूंच्या सोयीसाठी होते, असेही एक मत आहे; त्याच्याशी मात्र मी सहमत नाही. अमेरिकी वास्तुविशारद आयथिएल टाउन यांनी १८२० साली पेटंट घेतलेल्या पुलाच्या रचनेत तिरप्या फळ्यांची जाळी लाकडी खुंट्यांनी जखडलेली असते, आणि त्या सांध्यांत पाणी मुरले की पुलाचा कणाच आतून कुजू लागतो. छत असते ते हे पाणी अडवण्यासाठी. छप्पर पुन्हा घालता येते, पण जाळी बदलणे म्हणजे जवळजवळ नवा पूल बांधणे. म्हणून पाहणीला जाल तेव्हा दर्शनी बाजूच्या छायाचित्रांआधी, तुळयांची टोके काठाच्या दगडी बांधकामावर जिथे टेकतात तिथली साचलेली माती आणि ओल अवश्य टिपून ठेवा.