प्रेअरी डॉगसाठी किती पटींचा स्कोप? माझ्या मते 16 पुरे

अमेरिकेतल्या साउथ डकोटाच्या गवताळ माळावर प्रेअरी डॉगच्या शिकारीत तीन उन्हाळे काढले, त्यावरून लिहितोय. प्रेअरी डॉग हा कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला प्राणी. बिळाच्या तोंडाशी उभा राहिला तरी जेमतेम फूटभर उंच, तीन-चार इंच रुंद. 400 यार्डांवरून तो टिचभर दिसतो, म्हणून नवखे लोक रायफलीवर सरळ 25 नाहीतर 32 पटींचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घेतात.

पण ऊन चढून जमीन तापली की एवढ्या पटींच्या स्कोपमधून मृगजळच जास्त दिसतं. प्राणी मोठा होतो तशी हवेची थरथरही मोठी होते आणि आपण जागेवरून सरकलेल्या प्रतिमेवर नेम धरतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपली गोळी कुठे पडली ते आपल्याला दिसायला हवं. 300 यार्डांवर 12 पटींत साधारण 27 फुटांचा पट्टा दिसतो, 24 पटींत त्याच्या निम्मा. .22-250 काडतुसाचा धक्का बसला की चित्र निसटतं, धूळ डावीकडे उडाली की उजवीकडे ते कळतच नाही. .223 काडतुसाची 55 ग्रेन वजनाची गोळी ताशी 10 मैलांच्या आडव्या वाऱ्यात 400 यार्डांवर सुमारे 20 इंच वाहवते, आणि तिकडे तेवढा वारा रोजचाच. धूळ दिसली नाही तर पुढच्या गोळीला वाऱ्याचा अंदाज कशावरून बांधायचा?

प्रतिसाद 1
अजिबात पटलं नाही. 6 ते 24 पटींत बदलता येणारा स्कोप दुपारी 12 वर आणता येतो. 16 चा स्कोप पहाटेच्या थंड, स्वच्छ हवेत 24 वर नेता येत नाही. मग हात आधीच का बांधून घ्यायचे?

शिवाय त्याच बिळांच्या तोंडाशी बिळात राहणारी घुबडं उभी असतात, उंचीला वीतभर, रंगाने मातकट. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. कमी पटींत लांबून घुबड आणि प्रेअरी डॉगचं पिल्लू यांत गल्लत झाली तर?

प्रतिसाद 2
"12 वर आणता येतो" हे अर्धसत्य आहे. बऱ्याच स्कोपमध्ये रेटिकल (नेमाच्या रेघा आणि त्यांवरच्या खुणा) दुसऱ्या फोकल प्रतलात असतं, म्हणजे पट बदलली तरी ते तेवढंच दिसतं. त्याच्या खुणा एका ठरावीक पटीलाच, बहुधा सर्वांत मोठ्या, खऱ्या असतात. 24 चा 12 वर आणलात की दोन खुणांमधलं अंतर दुप्पट धरावं लागतं. घाईत हे विसरलं की गोळी डोक्यावरून जाते. मी स्वतः अख्खी सकाळ अशी वाया घालवली आहे.

धागाकर्ता
घुबडाची काळजी मलाही आहे, पण ओळख पटवायला रायफल रोखायचीच कशाला? जे अजून ओळखलेलं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, हा पहिला नियम. तिवईवर वेगळी स्पॉटिंग दुर्बीण लावा, जोडीदाराला तिच्यापाशी बसवा. तो प्राणी ओळखतो, धूळही तोच सांगतो.

प्रतिसाद 1
जोडीदार असेल तर ठीक. मी बहुतेक वेळा एकटाच जातो. आडवं पडून दुर्बिणीतून स्कोपकडे वळेपर्यंत प्राणी बिळात गेलेला असतो. रेटिकलचा मुद्दा मान्य. म्हणून मी अंतरासाठी खुणा वापरत नाही, टरेट (नेम वर-खाली करायची स्कोपवरची चकती) फिरवतो. त्याचा हिशोब कुठल्याही पटीला तोच राहतो. माझा 24 चा स्कोप मी बदलणार नाही.