चर्चा : 'जायंट स्टेप्स' हे संगीत की नुसते पलटे?

खर्जातला (धागाकर्ता)
अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा विषय निघाला की कुणीतरी त्याची 'जायंट स्टेप्स' ही रचना काढतंच. माझ्या मते मे १९५९ मधलं ते ध्वनिमुद्रण म्हणजे अफाट तयारीच्या माणसाने चारचौघांत केलेला पलट्यांचा (सरावाच्या ठरीव स्वरतुकड्यांचा) रियाज आहे. रचना १६ बारांची (बार म्हणजे चार मात्रांचा खंड), म्हणजे ६४ मात्रांचं आवर्तन. त्यात २६ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह). लय मिनिटाला २८०-२९० मात्रांच्या घरात, त्यामुळे अख्खं आवर्तन साडेतेरा सेकंदांच्या आसपास संपतं. बऱ्याच ठिकाणी कॉर्ड दर दोन मात्रांनी बदलते, म्हणजे अर्धा सेकंदही हाती नाही. एवढ्यात काही सुचत नसतं, हातात बसलेलं बाहेर पडतं. त्याचा सोलो (एकट्याचं उत्स्फूर्त वादन) लिहून काढून पाहा : 'सा रे ग प' हा चार सुरांचा तुकडा जागा बदलून पुन्हा पुन्हा येतो. त्याचं खरं काम ऑक्टोबर १९६० मध्ये 'माय फेव्हरिट थिंग्ज'पासून सुरू झालं आणि डिसेंबर १९६४ च्या 'अ लव्ह सुप्रीम'मध्ये कळसाला गेलं. आधीची सगळी पूर्वतयारी.

सुषिर
साफ असहमत. हाताला बसलेलं बाहेर पडतं म्हणून ते संगीत नाही, हा निकष द्रुत तानेला लावून बघा, काय उरतं ते.

आणि २६ हा आकडा उगाच घाबरवतो. मुळात षड्ज (आधाराचे 'सा') तीनच आहेत, पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर : पांढरी सात, पांढरी पाच, काळी दोन. बाकीच्या कॉर्ड त्या त्या षड्जाकडे नेणाऱ्या, मुख्यतः त्याच्या पंचमावरच्या. दोन षड्जांमधलं अंतर प्रत्येक वेळी शुद्ध गंधाराएवढं. पूर्वार्धात उतरत, उत्तरार्धात चढत. तीन उड्या मारल्या की सप्तक पुरं होऊन मूळ ठिकाणी परत. गंमत अशी की तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार घेतला (३८६ सेंट; अख्खं सप्तक १२०० सेंटचं) तर तीन उड्यांनंतर सुमारे ४१ सेंट कमी पडतात. बारा समान भागांच्या सप्तकातच हे वर्तुळ मिटतं. ही कल्पनाच एक रचना आहे, तिला पलटा म्हणणं अन्याय आहे.

खर्जातला
कल्पना सुरेख आहे, वादच नाही. पण मग त्याच ध्वनिमुद्रणात पियानोवर टॉमी फ्लॅनगनचं काय झालं ते ऐका. त्याचा सोलो मध्येच अडखळतो, तुटक होतो आणि शेवटी नुसत्या कॉर्डवर येतो. फ्लॅनगन काही लेचापेचा वादक नव्हता. १९८२ मध्ये त्याने हीच रचना व्यवस्थित वाजवून दाखवली. म्हणजे आधी घोटून आलेला तरतो, न घोटलेला बुडतो. परीक्षा झाली ही!

मध्यलय
वाद चालू द्या, पण वाजवणाऱ्यांसाठी थोडं. टेनर सॅक्सोफोन लिहिलेल्या सुरापेक्षा खाली बोलतो, त्यामुळे पियानोची पांढरी सात वादकाच्या बोटांना काळी एक होते. इतर दोन षड्ज (पांढरी सहा आणि पांढरी चार) सोपे; गाडी अडते ती काळी एकवर. मधल्या सप्तकात तिथला 'सा' म्हणजे सगळी बोटं उघडी आणि लगेच पुढचा 'रे' म्हणजे दोन्ही हातांची बोटं बंद, शिवाय अंगठ्याची (सूर एक सप्तक वर नेणारी) ऑक्टेव्ह की आणि उजवी करंगळी. बोटं एकदम पडली नाहीत की मध्ये भलताच सूर चिरकतो. लय वाढवून हे सुटत नाही. मेट्रोनोम ८० वर ठेवा, फक्त ही जोडी घोटा. मग प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा सूर धरून आवर्तन फिरा. 'सा रे ग प' त्यानंतर. बहुतेक जण उलट करतात, म्हणून तुकडे तयार होतात पण त्यांना जोडणारी ओळ होत नाही.

पंचमवर्ज्य
दोघेही १९५७ गाळताय. हेरॉइनपायी त्या वर्षी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने कोल्ट्रेनला आपल्या बँडमधून काढलं. त्याने व्यसन सोडलं आणि उन्हाळ्यापासून न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये पियानोवादक थेलोनिअस मंकबरोबर वाजवू लागला. मंक पियानोवरून उठून जायचा, खाली फक्त बेस आणि ड्रम. म्हणजे कॉर्डचा सगळा भार एकट्या सॅक्सोफोनवर. सप्टेंबरमध्ये 'ब्लू ट्रेन' ही तबकडी झाली, पुढच्या वर्षी तो माइल्सकडे परतला. १९६० मध्ये 'डाउनबीट' नियतकालिकात त्याने स्वतःच सांगितलंय की एका कॉर्डवर तीन कॉर्ड चढवून बघायचो, आणि सूर मात्रेत बसावेत म्हणून पाच-पाच, सात-सातचे गट करावे लागायचे. ही भूक आधीची, १९५९ हे तिचं एक उत्तर.

सुषिर
हेच म्हणायचं होतं. तारखाच बघा ना. माइल्सच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचं दुसरं सत्र २२ एप्रिल १९५९ चं : एकेका मोडवर (थाटासारख्या स्वरमेळावर) लांब मुक्काम. 'जायंट स्टेप्स' ४-५ मेचं. मध्ये दोन आठवडेही नाहीत! त्याच तबकडीवर 'नाइमा' आहे, खाली बेसचा सूर फारसा हलत नाही आणि वर कॉर्ड सरकतात. तुमची १९६० ची सीमारेषाही टिकत नाही, कारण 'माय फेव्हरिट थिंग्ज' २१ ऑक्टोबरची आणि २६ तारखेला तोच माणूस 'बट नॉट फॉर मी' त्याच तीन षड्जांच्या चक्रात घालून वाजवतोय. दोन्ही गोष्टी एकाच तबकडीवर निघाल्या.

खर्जातला
तारखा मान्य. पण त्यानंतर त्या चक्रावर नवी रचना फारशी का नाही? कारण प्रश्न सुटला होता. 'अ लव्ह सुप्रीम'च्या पहिल्या भागात बेसवर चारच सूर आहेत, पांढरी चारचा सा धरला तर सा, कोमल ग, सा, म. शेवटाकडे कोल्ट्रेन तो तुकडा बाराही षड्जांवर नेतो आणि तिथे कॉर्डची शिडी नाही. तिथे षड्ज बदलणं अंगावर येतं, १९५९ मध्ये मी नुसता मोजत बसतो.

पंचमवर्ज्य
बाराही षड्जांवर असं सहज फिरता येतं ते कुठून आलं, हेही सांगा की.

उठाण
आणि १९६५ पासूनचं? त्या जूनमधलं अकरा वादकांचं 'असेन्शन' मला गोंगाट वाटतं. वर्षअखेरीपर्यंत त्याचा पियानोवादक मॅकॉय टायनर त्याला सोडून गेला, काही आठवड्यांत ड्रमवादक एल्विन जोन्सही. उगाच नाही.

मध्यलय
'असेन्शन'वरून शेवटच्या काळाचा निकाल लावू नका. फेब्रुवारी १९६७ चं 'इंटरस्टेलर स्पेस' ऐका : फक्त सॅक्सोफोन आणि रशीद अलीचे ड्रम. बेस नाही, पियानो नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडा कुठून निघून कुठे जातो ते स्वच्छ कळतं. चार-पाच सुरांचा आकार घेऊन तो एकेका षड्जावरून सरकवत नेतो. जुलैमध्ये यकृताच्या कर्करोगाने तो गेला, चाळिसाव्या वर्षी. त्या सरकण्यात गंधाराच्या उड्याही सापडतील, धागाकर्त्यांनी पुन्हा मोजायला हरकत नाही.